ज्येष्ठांची आश्विनातली संध्याकाळ, हॉलमध्ये: तयारी काय काय लागते

नवरात्र जवळ आलं की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, ज्येष्ठांसाठी काहीतरी करूया ना, आणि पाच मिनिटांत लाल-केशरी मेपलच्या पानांचे फोटो येतात, कागदाची पानं कापा, भोपळे रंगवा वगैरे. ते आधी बाजूला ठेवा. आपल्याकडे शरदात कुठे पानं गळतात, पानगळ होते ती शिशिरात, आपल्या आश्विनात असतो झेंडू, भाताच्या लोंब्या, सीताफळं, भोंडला आणि कोजागिरीचा चंद्र. शिवाय ज्या बाईने जन्मभर दाराला तोरणं बांधली तिला ऐंशीव्या वर्षी बालवाडीतल्यासारखी कागदाची पानं चिकटवायला बसवायचं हे मला तरी पटत नाही. तेव्हा यादी करताना पहिलं काम म्हणजे घरोघरी जाऊन विचारणं, की काकू तुमच्याकडे हादगा होता का भुलाबाई, काका तुम्हाला सोंगट्या येतात का, आणि ज्याला जे येतं ते त्याच्याच हातात द्यायचं, आपण फक्त खुर्च्या लावायच्या.

तारीख ठरवताना तीन पर्याय असतात. १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन असतो, पण त्या दिवशी भाषणं फार होतात. नवरात्रातला एखादा दिवस घेतला तर निम्म्या बायकांचे उपास असतात. मला विचाराल तर कोजागिरी सगळ्यात सोपी, आणि ती रात्री बारालाच साजरी करायला हवी असं काही नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळताच पूर्वेला उगवतो, त्यामुळे संध्याकाळी पाचला सुरू करून साडेसातला संपवलं तरी चंद्र बघून दूध पिऊन होतं आणि गोळ्यांच्या वेळा चुकत नाहीत. फक्त हॉलची खिडकी किंवा गॅलरी पूर्वेकडे आहे का ते आधी बघून ठेवा, नसेल तर कुणाच्या तरी पूर्वेकडच्या फ्लॅटची दहा मिनिटं मागून ठेवा. गच्चीचा हट्ट मात्र धरू नका. मुंबईतून पाऊस जायची सरासरी तारीखच आता ८ ऑक्टोबर धरतात, परतीचा पाऊस कधी झोडपेल सांगता येत नाही, दुपारी ऑक्टोबर हीट, संध्याकाळी डास, आणि लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते, पुढचा जिना कोण चढणार.

हॉल बघायला जाल तेव्हा आधी बाथरूम बघा. कमोड आहे का, लादी ओली राहते का, दार आतून अडकलं तर बाहेरून उघडता येतं का, रात्री तिथे दिवा आहे का. मग खुर्च्या. हातांच्याच हव्यात, त्या बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठताना माणूस पुढे कलंडतो, आणि दोन खुर्च्यांत वॉकर किंवा व्हीलचेअर जाईल एवढी जागा सोडा. सतरंजी, गालिचा, मायक्रोफोनची वायर, दारातली रांगोळी, पाय अडखळेल असं जमिनीवर काहीच नको. रांगोळी काढायचीच तर ताटात काढा आणि टेबलावर ठेवा, ताटातली रांगोळी बसूनही काढता येते आणि त्यात आजींची बोटं आपल्यापेक्षा भराभर चालतात. पणत्या बॅटरीच्या घ्या. धूप-उदबत्ती नको, दम्याच्या माणसाला त्रास होतो. कानाला मशीन लावणाऱ्यांना छताच्या पंख्याची घरघर फार ऐकू येते, त्यांना पंख्यापासून लांब आणि बोलणाऱ्याच्या समोर बसवा.

आता भोंडला. पाटावर हत्ती काढायचा, पण पाट जमिनीवर न ठेवता मधल्या टेबलावर ठेवायचा आणि भोवती खुर्च्यांचं रिंगण. फेर हातांनी आणि पावलांनी बसल्या बसल्याच धरायचा, टाळी, मांडीवर थाप, पाऊल पुढे-मागे, हवा तेवढा व्यायाम त्यात होतो. हत्ती खडूने काढून वर डाळ-तांदूळ लावायचं काम ज्यांची नजर बरी आहे त्यांना द्या. सुरुवात ऐलमा पैलमानेच होते हे कुणाला सांगायला लागत नाही, पण पुढच्या गाण्यांची कडवी मागे-पुढे होतात, म्हणून गाण्यांचे कागद काढा, चोवीस पॉइंटच्या खाली अक्षर नको, काळी शाई, चकचकीत कागद नको. आणि एक गंमत होणारच आहे, ती होऊ द्या. पुण्याकडची बाई म्हणेल भोंडला घटस्थापनेपासून, कोल्हापूरकडची म्हणेल छे, आमचा हादगा सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, म्हणजे साधारण २७ सप्टेंबरपासून, सोळा दिवस, आणि खानदेश-विदर्भातली म्हणेल आमची भुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते ती थेट कोजागिरीला उठते. तीच गाणी, पण शब्द प्रत्येकीचे वेगळे. हे भांडण अर्धा तास चाललं तरी चालू द्या, पुढचा कार्यक्रम कापा. कुणी मोबाइलवर रेकॉर्ड करणार असेल तर आधी विचारून करा.

खिरापत ओळखायची असते म्हणून डबे स्टीलचे, झाकण घट्ट, वाजवून बघता येतील असे. आत मात्र मऊ पदार्थ हवेत, शिरा, वाटली डाळ, मुगाची उसळ. चिक्की, कडक लाडू नको, कवळीचा विचार करा.

पुरुष मंडळी भोंडल्याला कोपऱ्यात पेपर घेऊन बसतात. त्यांच्यासाठी सारीपाट मांडा. कोजागिरीला फासे खेळून जागायची रीत जुनीच आहे त्यामुळे कुणी नाक मुरडणार नाही. पट घरात नसेल तर जाड कापडावर मार्करने आखता येतो, चार पट्टे, प्रत्येकात आठाच्या तीन रांगा म्हणजे ९६ घरं, सोंगट्या चार रंगांच्या चार-चार अशा १६, आणि सहा कवड्या. घरं जरा मोठी आखा आणि सोंगट्यांऐवजी बाटल्यांची रंगीत झाकणं घ्या, थरथरत्या हातालाही धरता येतात. कवड्या हातातून निसटून टेबलाखाली जातात, त्या वाटीत हलवून ताटात टाकायच्या. नियमांवरून वाद होणार, एखाद्या आजोबांना आधीच पंच नेमून टाका, म्हणजे तो पेपरही सुटतो.

तोरणाचं टेबल वेगळं. झेंडू आदल्या दिवशी घ्या, दसरा होऊन गेलेला असतो त्यामुळे भाव उतरलेला असतो, दोन-तीन किलो पुरे. आंब्याची पानं, मिळाल्या तर भाताच्या लोंब्या, जाड दोरा आणि मोठ्या नेढ्याच्या बोथट सुया, त्याही आधीच ओवून स्पंजमध्ये खोचून ठेवलेल्या, कारण दोरा ओवण्यातच सगळा वेळ जातो आणि मग माणूस कंटाळून उठतो. ज्यांना ओवायला जमत नाही ते देठ काढतील, रंग वेगळे करतील. ज्यांना विसरायला होतं अशा आजी-आजोबांना याच टेबलावर बसवा. त्यांना ओळखा पाहू वगैरे प्रश्न विचारू नका, फूल हातात द्या आणि शेजारी बसा, बोलायचं झालं तर बोलतील.

दूध. तीस माणसांना पाच लिटर भरपूर होतं, आटून चारावर येतं आणि कप छोटे ठेवायचे. पातेली दोन, एकात साखर आणि एकात अजिबात नाही, आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी. बिनसाखरेचं म्हणून डायबेटिसवाल्यांनी तीन कप प्यायचे असं नसतं बरं का, दुधाची स्वतःची साखर असते आणि आटवल्यावर ती दाट होते, एक छोटा कप बास. बदाम-पिस्ते अगदी बारीक पूड करून घाला, चारोळ्या आख्ख्या टाकू नका, ठसका लागतो. जायफळ बेतानं. ज्यांना दूध चालत नाही त्यांच्यासाठी गवती चहाचा थर्मास. वेलची, जायफळ, कापूर, झेंडूची पाकळी असं छोट्या पुरचुंड्यांत बांधून वासावरून ओळखायचा खेळ दूध उकळत असताना घेता येतो, पण उगाच घाई असेल तर सोडून द्या.

बाकी, प्रत्येकाच्या घरचा एक फोन नंबर कागदावर लिहिलेला हवा, मोबाइलमध्ये नको, कारण तो मोबाइल ऐनवेळी चार्जिंगला लावलेला असतो. १०८ ॲम्ब्युलन्सचा नंबर भिंतीवर. वॉचमनला सांगून ठेवा की त्या दोन-तीन तासांत लिफ्टचं मेंटेनन्स नको आणि जनरेटरला डिझेल आहे का बघ. एकट्या राहणाऱ्यांना आणायला आणि परत सोडायला शाळा-कॉलेजची मुलं नेमा, दाराचं कुलूप उघडून आतला दिवा लागेपर्यंत मुलांनी तिथेच थांबायचं हे त्यांना स्पष्ट सांगा. तोरणं ज्याची त्याने घरी न्यायची, दाराला बांधून द्यायचं काम याच मुलांचं, आजोबांना स्टुलावर चढू देऊ नका. आणि उरलेलं दूध रात्रीच फ्रीजमध्ये टाका किंवा वॉचमनच्या घरी द्या, सकाळपर्यंत बाहेर राहिलं तर नासतं.