कॉर्नर अडवायचा कसा? किक बसण्याआधीच्या वीस सेकंदांचं काम

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेतल्या एका फुटबॉल संघाकडून स्टॉपर (मधला बचावपटू) खेळायचो तेव्हाची गोष्ट. शेवटची पाच मिनिटं उरलेली, आम्ही एका गोलनं पुढं. डाव्या बाजूनं कॉर्नर आला (आपल्याला लागून चेंडू आपल्या गोलच्या रेषेबाहेर गेला की समोरच्यांना कोपऱ्यातून मिळणारी किक), अगदी साधा. चेंडू माझ्या आणि लेफ्ट बॅकच्या बरोबर मधोमध उतरत होता. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. तेवढ्यात त्यांचा एक बुटका हाफ (मधल्या फळीतला) मधनं घुसला आणि कपाळ लावून गेला. "मला वाटलं तू घेणार." "मला वाटलं तू!" गॅलरीतून पुढं काय ऐकू आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

उंच पोरं नाहीत म्हणून कॉर्नरवर गोल बसतात, असं बहुतेक संघ म्हणतात. मला ते पटत नाही. गोल बसतो तो चेंडू कुणाचा हे ठरलेलं नसतं म्हणून. आणि ते चेंडू हवेत असताना ठरवता येत नाही. चेंडू रेषेबाहेर गेल्यापासून किक बसेपर्यंत पंधरा-वीस सेकंद मिळतात. त्यात काय करायचं, ते बघू.

१. चेंडूकडे पाठ करायची नाही

कॉर्नर दिला की बचावफळी एकमेकांवर ओरडत, मान खाली घालून परत फिरते. हीच धोक्याची वेळ. कॉर्नर घ्यायला पंचांच्या शिट्टीची वाट बघावी लागतेच असं नाही. ७ मे २०१९ ला लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, बार्सिलोनाला याची किंमत मोजावी लागली. दोन सामन्यांपैकी पहिला ३-० नं जिंकून आलेला संघ या सामन्यात ०-३ नं मागं पडला होता. ७९व्या मिनिटाला लिव्हरपूलचा अलेक्झांडर-अर्नोल्ड कॉर्नर दुसऱ्याला सोडून निघाल्यासारखा चार पावलं गेला, गर्रकन वळला आणि चेंडू आत मारला. बार्सिलोनाची मंडळी अजून जागा घेत होती. लिव्हरपूलचा ओरिगी मोकळा. ४-०, आणि दोन्ही सामन्यांच्या बेरजेत बार्सिलोना स्पर्धेबाहेर.

म्हणून नियम एकच: जवळच्या एकानं चेंडूसमोर, कॉर्नरच्या कमानीपासून ९.१५ मीटर या नियमाच्या अंतरावर जाऊन उभं राहायचं, बाकीच्यांनी उलटं पळत, चेंडूकडे बघत मागं यायचं. भांडण नंतर करा.

२. किक मारणाऱ्याचा पाय बघा

डाव्या कोपऱ्यातून उजव्या पायाचा खेळाडू मारतोय, तर चेंडू गोलकडे वळणार. क्रिकेटच्या भाषेत इनस्विंगर. डाव्या पायाचा असेल तर गोलपासून लांब वळणार. इनस्विंगरला सहा यार्डांच्या छोट्या डीत (गोलसमोरच्या लहान चौकटीत) गर्दी होते, नुसता स्पर्श झाला तरी चेंडू जाळीत जातो; तिथं आपली रांग गोलजवळ हवी. आउटस्विंगर (गोलपासून लांब वळणारा) पेनल्टी स्पॉटच्या, म्हणजे पेनल्टी मारायच्या ठिपक्याच्या आसपास पडतो, त्यांचे खेळाडू धावत येऊन हेड मारतात. तिथं रांग दोन पावलं पुढं. हे ओरडून सांगायचं काम गोलकीपरचं.

३. वाटणी

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मॅन मार्किंग (प्रत्येकानं समोरचा एकेक माणूस धरायचा) की झोन (प्रत्येकानं आपापली जागा सांभाळायची), हा वाद जुना आहे. नुसतं मॅन मार्किंग केलं की समोरचे चौघे एका रांगेत उभे राहतात, किकबरोबर चार दिशांना पांगतात आणि आपली पोरं एकमेकांवर आपटतात. नुसता झोन ठेवला तर आपण जागच्या जागी उडी मारतो आणि ते पाच पावलं धावत येऊन. गल्लीतला, कॉलेजचा, तालमीचा संघ असेल तर दोन्हीची भेळ बरी. गोलकीपर सोडून दहा जण असे लावा:

कॉर्नरच्या जवळच्या पोस्टवर (गोलच्या खांबावर) एक. छोट्या डीच्या रेषेवर तिघं, हे झोनवाले: एक जवळच्या पोस्टसमोर, एक मधोमध, एक लांबच्या पोस्टसमोर. त्यांच्या पुढं तिघं, ज्यांनी समोरच्या सगळ्यात धोकादायक तिघांची धाव मोडायची. एक कॉर्नरच्या बाजूला, शॉर्ट कॉर्नरसाठी (चेंडू आत न मारता जवळच्या साथीदाराला दिला तर). एक मोठ्या डीच्या (पेनल्टीच्या मोठ्या चौकटीच्या) टोकाला. आणि एक पुढं, मध्यरेषेजवळ.

यात जवळच्या पोस्टसमोरच्या माणसाला आपल्याकडे फार हलकं समजतात. उरलेल्या कुणालाही तिथं उभं करतात. चूक. तिथं चेंडूला नुसता निसटता हेड लागला तरी मागचे सगळे कापले जातात. २६ मे १९९९, बार्सिलोनाचं कॅम्प नाऊ, चॅम्पियन्स लीगची फायनल. ९० मिनिटं झाली तरी बायर्न म्युनिक १-० नं पुढं. भरपाईच्या वेळेत (इंज्युरी टाइम) मँचेस्टर युनायटेडकडून बेकहॅमनं दोन कॉर्नर मारले. पहिल्यावर बायर्नच्या फिंकचा पाय चेंडूला धड बसला नाही, चेंडू डीच्या टोकाला युनायटेडच्या गिग्जकडे गेला, त्याचा लुळा शॉट शेरिंगहॅमनं आत ढकलला. दुसऱ्यावर शेरिंगहॅमनं डोकं लावून चेंडू नुसता पुढं सरकवला आणि सोल्शायरनं पाय घातला. अर्धवट काढलेला चेंडू आणि फ्लिक (निसटता हेड). कॉर्नरचे दोन्ही रोग तीन मिनिटांत बघायचे असतील तर तो शेवट बघा. तर जवळच्या पोस्टसमोर तुमचा सगळ्यात निडर हेडर ठेवा, उंची कशीही असो.

पुढच्या तिघांचं काम हेड जिंकण्याचं नाही. धाव बिघडवायची, बस्स. अंग तिरकं ठेवा, म्हणजे मान न वळवता चेंडू आणि माणूस दोन्ही दिसतात. हाताचा पंजा हलका त्याच्या अंगाला, म्हणजे तो हलला की कळतं. जर्सी मात्र धरायची नाही. किकआधी ओढाताण केली तर पंच ताकीद देतील, फार तर कार्ड. चेंडू खेळात आल्यावर तेच केलं तर पेनल्टी.

आणि "हा हेड मारणारा नव्हे" असं ठरवून कुणाला मोकळं सोडू नका. १९९८ च्या वर्ल्ड कप फायनलपर्यंत फ्रान्सच्या झिदानची ओळख पायांची होती. ब्राझीलविरुद्ध पूर्वार्धातच त्यानं दोन गोल केले. दोन्ही कॉर्नरवर, दोन्ही डोक्यानं.

४. गोलकीपरची वाट मोकळी ठेवा

हल्ली समोरचे दोघं-तिघं मुद्दाम गोलकीपरला चिकटून उभे राहतात. आपण आणखी दोघं तिथं पाठवले तर आपल्याच माणसाला कोंडतो. एकच पाठवा, आणि तो गोलकीपर आणि अडवणाऱ्याच्या मध्ये शिरला पाहिजे.

गोलकीपरनं रेषेच्या पाऊल-दीड पाऊल पुढं, गोलच्या मधोमध, मैदानाकडे छाती उघडी ठेवून थांबायचं. बाहेर यायचं ठरलं तर "कीपर!" अशी एकच हाक, आणि ती उशिरा नको. हाक मारली की परत फिरणं नाही. गर्दी असेल, पावसानं चेंडू ओला असेल तर पकडण्याचा मोह नको. दोन्ही मुठींनी बाहेर. यायचं नसेल तर "अवे!" (तुम्हीच बाहेर काढा). या दोनपैकी काहीच ऐकू आलं नाही, तर चेंडू झोनवाल्याचा.

५. चेंडू उतरायची वाट बघू नका

चेंडूकडे जायचं. तो आपल्याकडे येईल म्हणून थांबलात की माझ्यासारखी फजिती. एका पायावर, पुढं झेपावत उडी मारा, कपाळ चेंडूच्या खालच्या भागाला लागू द्या. उंच, लांब आणि बाजूला. मधे, डीच्या तोंडावर कधीच नाही. नीट जमत नसेल तर रेषेबाहेर घाला. त्यांना पुन्हा कॉर्नर मिळेल, मिळू दे. वरच्या पातळीवरसुद्धा शंभर कॉर्नरमागं तीन-चारच गोल होतात.

६. चेंडू गेला, की सगळे बाहेर

कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड (साथीदार चेंडू खेळताना समोरचा खेळाडू चेंडू आणि आपला शेवटून दुसरा माणूस यांच्यापेक्षा गोलजवळ असणं) नसतो. पण त्यांच्यातला दुसरा कुणी चेंडू खेळला की ऑफसाइड लागू होतो. तेव्हा आपला पोस्टवरचा पोरगा अजून खांबाला टेकून उभा असेल, तर त्याच्यामुळं समोरचे सगळे ऑनसाइड. चेंडू डीबाहेर गेला की "चला!" आणि आधी पोस्टवाला पळायचा. मोठ्या डीच्या टोकाला ठेवलेल्यानं मात्र रांगेबरोबर नाही, चेंडूवर जायचं. गिग्जसारखा कुणी तिथंच टपलेला असतो.

शॉर्ट कॉर्नरचं एका ओळीत: ते दोघं आले तर आपणही दोघं, दुसरा डीच्या टोकावरून.

सराव कसा घ्यावा? आठवड्यातून वीस मिनिटं पुरतात. आधी हातानं चेंडू टाकून, समोर कुणी नसताना, मग किकवर, मग समोर सहा जण सोडून. प्रत्येक चेंडूला कुणीतरी हाक मारलीच पाहिजे, नाही मारली तर काढलेला चेंडूही हरलेला धरायचा. लहान मुलांना हेडचे रट्टे देऊ नका. अमेरिकेत तर दहा वर्षांपर्यंतच्यांना हेड मारायलाच मनाई आहे. त्यांना हातानं झेलू द्या, जागा आणि हाक शिकली तरी खूप झालं.

२०२५ च्या जुलैपासून एक नवा धोका वाढलाय. गोलकीपरनं आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरला तर समोरच्यांना कॉर्नर. आघाडी घेऊन वेळ काढायची सवय असलेल्यांनी बोटं मोजावीत.

आणि शेवटच्या मिनिटाला त्यांचा गोलकीपरही आपल्या डीत आला, तर घाबरून पुढच्या माणसाला मागं बोलावू नका. त्याला मध्यरेषेच्या आत, आपल्याच अर्ध्यात उभा करा. आपल्या अर्ध्यात ऑफसाइड नाही, आणि समोर गोल रिकामा आहे.