वॉर्ट गाळताना या चुका टाळा

घरी बीअर करताना वॉर्ट, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गरम पाण्यात भिजवून मिळणारे गोड पाणी, गढूळ आले किंवा तोटीतून थेंबथेंब येऊ लागले, की बरेच जण आणखी बारीक गाळणी शोधू लागतात. चूक मात्र बहुधा गाळणीत नसून भरडण्यात आणि घाईत असते.

माल्टच्या चोथ्यातून वॉर्ट काढताना खरी गाळणी म्हणजे माल्टचे तूसच होय. तळाची जाळी चोथ्याचा थर केवळ पेलून धरते आणि तुसांमधल्या फटींतून वॉर्ट झिरपताना पीठ त्या थरात अडकते. माल्ट पिठासारखे दळले, तर या फटी बुजतात. म्हणून दाणा फुटेल पण तूस शक्यतो अखंड राहील, इतपतच ते भरडावे. गव्हाच्या माल्टला तूस नसते, त्यामुळे त्याचे प्रमाण जास्त असल्यास धुतलेले भाताचे तूस मिसळावे.

सर्वांत अधिक त्रास तोटी एकदम पूर्ण उघडल्याने होतो. खालून जोराची ओढ लागताच थर दबून घट्ट बसतो आणि प्रवाह थांबतो. अशा वेळी तोटी आणखी उघडून काहीच साधत नाही. ती बंद करावी, थोडे गरम पाणी घालून चोथा ढवळून मोकळा करावा, दहा मिनिटे थर पुन्हा बसू द्यावा आणि मग तोटी अगदी थोडी उघडावी. सुरुवातीचे एक-दोन लिटर वॉर्ट गढूळच येते. ते निवळेपर्यंत चोथ्यावर अलगद परत ओतत राहावे. चोथा धुण्याचे पाणी ७५ ते ७७ अंश सेल्सिअस असावे. थंड पाण्याने वॉर्ट दाट होऊन झिरपणे मंदावते, तर त्याहून कढत पाण्याने, विशेषतः पीएच ६ च्या वर गेल्यास, तुसांतील टॅनिन उतरून तुरटपणा येतो. माल्ट पिशवीत घालून भिजवले असल्यास ती पिशवी पिळल्याने तुरटपणा येतो अशी भीती घातली जाते, पण माझ्या मते तापमान आणि पीएच सांभाळले असतील, तर ती अनाठायी आहे.

उकळल्यानंतरचा साका निराळा असतो. उकळताना घातलेल्या हॉप्स या कडवट फुलांचा चुरा आणि साकळलेली प्रथिने चिकट असल्याने मलमलीचे कापड क्षणात बुजते. तेथे गाळण्यापेक्षा निवळू देणेच योग्य. आच बंद करून, थंड करण्याची कॉइल भांड्यात असल्यास ती काढून, वॉर्ट एकाच दिशेने जोरात फिरवावे आणि १५ ते २० मिनिटे भांड्याला धक्का लावू नये. साका मधोमध ढिगासारखा जमतो. चहाच्या कपात ढवळल्यावर पत्ती मध्यभागी गोळा होते, त्याचेच हे रूप असून तळाशी घर्षणाने मंदावलेला प्रवाह आत वळल्याने असे घडते, हे आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये स्पष्ट केले होते. उकळण्याच्या शेवटच्या १५ मिनिटांत आयरिश मॉस हे समुद्री शेवाळ घातल्यास प्रथिने लवकर गोळा होतात.

वॉर्ट थंड झाल्यावर वापरायची गाळणी व सायफनची नळी निर्जंतुक केलेलीच हवी, कारण यानंतर जंतू मारणारी उकळी येणार नसते. नळीचे तोंड भांड्याच्या कडेला ठेवावे आणि शेवटच्या अर्ध्या लिटरसाठी भांडे तिरके करू नये. तरीही थोडा साका आंबवण्याच्या भांड्यात गेलाच, तर घाबरू नये. त्यातील स्निग्ध पदार्थ यीस्टच्या वाढीस उपयोगी पडतात.