शेजारच्या लेथवरून: शिकाऊ पोराचा छळ थांबवायचा तर

मी टर्नर आहे. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या मशीनवर, काम करते आणि माझ्या आजूबाजूला कायम कुणी ना कुणी शिकाऊ मुलगा किंवा मुलगी असते. सोळा, सतरा, अठरा वर्षांची पोरं. वर्कशॉपमध्ये त्यांना जो त्रास होतो त्यावरचे सल्ले बहुतेक त्यांनाच दिले जातात: धीट हो, तक्रार कर, मनावर घेऊ नकोस. मला हे पटत नाही. ज्याच्या सहीवाचून शिकणं पुरं होणार नाही, त्याच माणसासमोर पोरानं एकट्यानं उभं राहायचं ही अपेक्षाच चुकीची आहे. छळ सगळ्यात आधी थांबवू शकतो तो शेजारच्या मशीनवरचा कारागीर. त्याच्या हातात कसब असतं, शॉपमध्ये त्याच्या शब्दाला वजन असतं आणि घडलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. हे सगळं त्याच्यासाठी, म्हणजे तुमच्यासाठी.

आधी ओळखा

चक (तुकडा पकडून फिरवणारा जबडा) फिरत असताना पोराचा हात जॉबजवळ, म्हणजे कापायच्या तुकड्याजवळ, गेला आणि कुणी "हात काढ!" म्हणून ओरडलं, तर तो छळ नाही. तिथं ओरडायलाच हवं. हातमोजे घालून लेथवर आलेल्याला दरडावून परत पाठवणं हेही योग्यच, कारण फिरत्या जॉबनं हातमोजा पकडला की आतली बोटंही सोबत ओढली जातात. कडक उस्ताद आणि छळणारा उस्ताद यांत मी दोन प्रश्नांनी फरक करते. प्रसंग संपल्यावर पोराला कामातलं काही कळलं का? आणि पुढची शंका ते याच माणसाला विचारेल का?

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जे पोर विचारायचं थांबतं ते अंदाजानं काम करू लागतं. चकची किल्ली चकमध्येच राहिली आणि मशीन चालू झालं तर ती गोळीसारखी सुटते. चिप्स (कापून निघालेला धातूचा किस) हुकनं ओढायच्या की हातानं, मशीन थांबवून मापायचं की चालू असताना, हे न विचारता ठरवणारं पोर स्वतःचा हात पणाला लावत असतं. म्हणून पोराची टिंगल करून त्याचं तोंड बंद करणं हा माझ्या लेखी सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि सुरक्षेच्या बैठकीत तो तसाच मांडावा. तिथं त्याला 'भावनेचा विषय' म्हणून कुणी बाजूला सारू शकत नाही.

नसलेलं हत्यार आणायला स्टोअरमध्ये पिटाळायचं आणि सगळ्यांनी हसायचं, ही मस्करी पुष्कळांना निरुपद्रवी वाटते. मी तीही चालू देत नाही. अनोळखी हत्याराचं नाव ऐकून शोधायला जाणं हेच तर शिकाऊ पोराचं काम. त्याबद्दल हसं झालं की पुढच्या वेळी खरं हत्यार मागवलं तरी ते दचकतं.

काही गोष्टी मस्करीच्या नावाखाली खपतात, पण त्या सरळ इजा करणाऱ्या असतात. नुकताच टर्न केलेला किंवा कापलेला तुकडा "हे धर" म्हणून हातात देणं, हा त्यातलाच प्रकार. पोलाद साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या खाली लाल दिसत नाही. त्वचा भाजायला त्याच्या एक-अष्टमांशही पुरतं. म्हणजे पोराला दिसतो तो साधा राखाडी तुकडा. वेल्डिंगच्या ठिकाणी काच न देता "बघ, बघ" म्हणून आर्ककडे पाहायला लावतात; त्याचे डोळे काही तासांनी, घरी गेल्यावर, वाळू गेल्यासारखे खुपायला लागतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कॉम्प्रेसरची हवा अंगावर मारणं. वर्कशॉपच्या लाइनला सहसा सहा-सात बार दाब असतो, मोटारीच्या टायरच्या जवळपास तिप्पट. जखमेतून ती हवा शरीरात शिरू शकते. गुदद्वाराजवळ नळी धरण्याच्या 'गमती'त आतडी फाटून माणसं मेली आहेत.

याउलट जो छळ कुणाच्या नजरेतच येत नाही तो म्हणजे न शिकवणं. पोर महिनोन् महिने चिप्स झाडतं, तेल पुसतं, उस्तादाची खाजगी कामं करतं आणि मशीनला हात लावायला मिळत नाही. त्याच्या लॉगबुकवर (शिकलेल्या कामाच्या नोंदवहीवर) सही अडकवून ठेवली जाते. इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचं बदलायचं टोक) तुटला की त्याचे पैसे त्याच्या तुटपुंज्या भत्त्यातून मागितले जातात. यात आरडाओरडा नसतो, त्यामुळे आपण 'शांत शॉप आहे' असं समजून बसतो. महिन्यातून एकदा तुमच्या बाजूच्या पोराला सहज विचारा, "या महिन्यात नवीन काय केलंस?" उत्तरात फक्त झाडू असेल तर काय चाललंय ते तुम्हाला कळलं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. हत्यार कसं धरायचं हे दाखवायला अंगाला अंग लावावं लागत नाही. मी आजवर कितीतरी जणांना टूल ग्राइंड करायला शिकवलं. आधी मी करून दाखवते, मग ते करतात आणि मी बाजूला उभी राहते. "दाखवायला हात धरावाच लागतो" असं म्हणणाऱ्या माणसावर लक्ष ठेवा.

त्या क्षणी काय करायचं

इजेचा धोका असेल तर वाद घालू नका. मशीन थांबवा, हवेचा व्हॉल्व्ह बंद करा, मधे उभे राहा. हवा शरीरात गेल्याची नुसती शंका असली तरी पोराला दवाखान्यात न्या, "बरं वाटतंय" म्हणालं तरी न्या, आणि डॉक्टरांना नेमकं काय झालं ते सांगा. आतली इजा बाहेरून दिसत नाही आणि लाजेपायी पोर खोटं बोलतं.

धोका नसेल, नुसती टिंगल किंवा अपमान चालू असेल, तर मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे पोराला कामासाठी हाक मारणं. "ए, जरा इकडे ये, हा बार आत घ्यायला मदत कर." बस्स. छळणाऱ्यासमोरचा बकरा निघून जातो, कुणाचा पाणउतारा होत नाही आणि भांडणाचं निमित्तही मिळत नाही. मग त्याला खरंच काम द्या. खोटं काम दिलं तर त्यालाही कळतं की आपली दया केली जातेय.

हाक मारणं शक्य नसेल तर जवळ जाऊन उभे राहा आणि हसू नका. हे किरकोळ वाटेल, पण असला खेळ बघ्यांच्या हसण्यावर चालतो. एका मुरलेल्या कारागिरानं गंभीर चेहऱ्यानं "बास आता, जॉब लागलाय" म्हटलं की बहुतेक वेळा पांगापांग होते.

छळणाऱ्याशी बोलताना

चारचौघांत नको. शिफ्ट सुटल्यावर किंवा जेवणाच्या सुटीत, एकट्याला गाठा. 'तू फार त्रास देतोस' असं मोघम बोललात तर तो हसून उडवून लावेल. पाहिलेली एकच गोष्ट सांगा आणि काय बदलायचं ते सांगा. मी साधारण अशी बोलते:

"दादा, सकाळी बोअर (जॉबमधलं भोक) मोठा झाला तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर त्याला 'ढ' म्हणालात आणि मायक्रोमीटर हिसकावून घेतला. त्यानंतर दिवसभर त्यानं तुम्हाला एकदाही माप दाखवलं नाही. उद्या बोअर पुन्हा मोठा होईल. चूक सांगा, पण त्याला बाजूला घेऊन सांगा."

हमखास येणारं उत्तर: "आम्हीपण असंच शिकलो." यावर त्याच्या उस्तादाला नावं ठेवू नका, तो चिडेल. विचारा, "तुमच्याबरोबर जी पोरं लागली त्यातली किती टिकली?" आणि गप्प राहा. पुष्कळ जणांना स्वतःचं पहिलं वर्ष आठवतं.

चूक कशी सांगायची हे काहींना खरंच कुणी शिकवलेलं नसतं. तेही दाखवून द्या: माप किती आलं, किती हवं होतं, कुठं चुकलं, आता पुढं काय. "पाच शतांश जास्त गेलं. शेवटचा कट घेण्याआधी जॉब थंड होऊ द्यायचा, गरम असताना मापलंस म्हणून फसलास. दुसरा पीस घे." यात पोराच्या अकलेबद्दल, घराबद्दल, दिसण्याबद्दल एक शब्द नाही आणि शिकवण पुरी आहे.

हे बोलणं एकदाच करायचं. पुन्हा तेच घडलं तर लेखी.

पोराशी बोलताना

समोर बसवून "काय झालं, सांग" असं विचारलं तर ते "काही नाही" म्हणेल. शेजारी उभं राहून काहीतरी करत असताना बोला. बेंच पुसताना, टूल लावताना. तुम्ही पाहिलंय हे आधी सांगा: "काल मी बघितलं. ते बरोबर नव्हतं आणि त्यात तुझी चूक नव्हती." ही दोन वाक्यं फार मोठं काम करतात, कारण तोवर त्याला वाटत असतं की सगळ्यांना हे मान्य आहे.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. पुढं सांगावं लागलं तर विश्वास तुटेल. "तुला विचारल्याशिवाय पाऊल उचलणार नाही, पण जिवाला धोका दिसला तर थांबणारही नाही," एवढं म्हणा आणि पाळा.

पोर अबोल झालं, वारंवार गैरहजर राहू लागलं, "माझ्याच्यानं काही होणार नाही", "मी नसलेलंच बरं" असं बोलू लागलं, तर ते हलक्यात घेऊ नका. "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, घरच्यांना किंवा त्याच्या विश्वासातल्या माणसाला बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

वहीत लिहा

तक्रारी हवेत विरतात त्या नोंद नसल्यामुळे. पोराला एक छोटी वही ठेवायला सांगा आणि तुम्हीही एक ठेवा, स्वतःची, कंपनीच्या कॉम्प्युटरवर नव्हे. तारीख, वेळ, कुठल्या मशीनजवळ, बोललेले शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं, त्यानंतर काय झालं. त्याच दिवशी लिहा. "खूप अपमान केला" हे लिहून उपयोग नाही. कोणता शब्द वापरला ते लिहा. जखम असेल तर फोटो काढा, आणि प्रथमोपचाराच्या रजिस्टरमध्ये "हात भाजला" एवढंच न लिहिता "अमुकानं गरम जॉब हातात दिल्यानं भाजला" अशी नोंद करायला लावा. लॉगबुकच्या पानांचे फोटो दर आठवड्याला काढून ठेवायचे. सूड म्हणून सगळ्यात आधी तेच गहाळ होतं.

तक्रार सुपरवायझरकडे करा. सुपरवायझरच छळत असेल तर त्याच्या वरच्याकडे. शिकाऊ पोराच्या मागं बहुधा प्रशिक्षण संस्था किंवा करार नोंदवणारं कार्यालय असतं, त्यांनाही प्रत द्या. युनियन असेल तर तिलाही. साक्षीदार म्हणून तुमचं नाव खाली लिहा. पोराच्या एकट्या सहीचा कागद आणि एका जुन्या कारागिराची सही असलेला कागद, यांना साहेब लोक वेगळं वजन देतात. हे अन्यायाचं आहे, पण आज तरी तसंच आहे, म्हणून ते वजन वापरा.

"अहो, एकदाच तर झालं" असं कुणी म्हणालं तर त्याला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १९० सांगा. जून २०१९ मध्ये तो संमत झाला आणि २५ जून २०२१ पासून लागू आहे. त्यात एकदाच घडलेलं कृत्यसुद्धा, आणि नुसती धमकीसुद्धा, हिंसा आणि छळात धरली आहे. इजा करायचा हेतू असलाच पाहिजे अशीही अट नाही. संरक्षण कुणाला, या यादीत शिकाऊ कामगारांचा स्पष्ट उल्लेख आहे. जागाही फक्त मशीनपुरती नाही: विश्रांतीची, कपडे बदलायची, हातपाय धुवायची जागा, प्रवास, मालकानं दिलेली राहायची सोय, फोनवरचे मेसेज, सगळं त्यात येतं. हा करार मान्य केलेल्या देशांनाच तो बंधनकारक आहे, तरी वादात बोलायला मुद्दा म्हणून कुठंही उपयोगी. याआधी १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लायमान यांनी कामावरच्या छळाचा पायाभूत अभ्यास केला. त्यांची व्याख्या आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने, अशी होती. अभ्यासाला ती ठीक, पण शिकाऊ पोराला लावू नका. सहा महिन्यांत त्याच्या शिकण्याचा मोठा काळ वाया जातो.

तक्रारीनंतर

इथं बहुतेक ठिकाणी एकच चूक होते: पोरालाच उचलून दुसऱ्या विभागात टाकतात. मग त्याचं शिकणं तुटतं आणि सगळ्यांना दिसतं की बोलणाऱ्याची बदली होते. आग्रह धरा की हलवायचं तर छळणाऱ्याला हलवा, निदान शिकाऊ पोरांची जबाबदारी त्याच्याकडून काढा. पोरानं स्वतःहून बदली मागितली तर गोष्ट वेगळी. मधल्या काळात सही कोण करणार हे लेखी ठरवून घ्या, आणि जमलं तर ती जबाबदारी तुम्ही घ्या.

कधी कधी काहीच हलत नाही आणि पोर सोडून जायचं म्हणतं. त्याला "थोडं सोस, काही महिने राहिलेत" असं म्हणून अडवू नका. फक्त घाईत राजीनामा देऊ देऊ नका. आधी करार कोणाकडे नोंदवलाय ते बघा, उरलेलं प्रशिक्षण दुसऱ्या शॉपमध्ये पुरं करता येईल का ते त्या कार्यालयात विचारा, आतापर्यंतच्या तासांवर सह्या घ्या, लॉगबुकच्या प्रती आणि थकलेला भत्ता हातात पडू द्या. तुमच्या ओळखीचा एखादा चांगला कारागीर दुसरीकडे असेल तर त्याला फोन करा, आणि पोरगं हातानं कसं आहे ते खरंखरं सांगा.