पलंगापासून पडवीपर्यंत: अंगावरून वारं गेलेल्या माणसाचे केंद्रातले साडेतेवीस तास

अंगावरून वारं गेलेलं, म्हणजे पक्षाघात झालेलं माणूस रुग्णालयातून सुटतं तेव्हा घरी दोन म्हातारी आणि मुलं मुंबईला, अशी कोकणातल्या कितीतरी घरांची गत असते. मग सेवा केंद्राची शोधाशोध सुरू होते आणि पहिला प्रश्न असतो, ‘फिजिओ येतो का?’ येतो, पण दिवसातून अर्धा तास. उरलेले साडेतेवीस तास माणूस कसा झोपतो, कसा उठतो, घास कसा गिळतो, यावरच तो पुन्हा पायावर उभा राहणार की नाही हे ठरतं. पुढचं सगळं त्या साडेतेवीस तासांचं आहे: केंद्रातल्या मावशी-मामांसाठी आणि महिन्यातून एकदा भेटायला येणाऱ्या मुलांसाठीही.

आल्या दिवशीची नोंद

बार्थेल तक्ता, म्हणजे माणूस रोजची कामं स्वतः किती करतो याची गुणपत्रिका, भरून घ्या. त्यात दहा कामं आणि एकूण १०० गुण असतात. चालणं आणि पलंगावरून खुर्चीत येणं यांना प्रत्येकी १५, आंघोळ आणि दात-केस-दाढी यांना ५-५. जेवण, कपडे, संडासावर ताबा, लघवीवर ताबा, शौचालयाचा वापर आणि जिना यांना प्रत्येकी १०. दर महिन्याला तोच तक्ता पुन्हा भरायचा. ‘आजोबांत खूप फरक आहे’ या वाक्यावरून काहीच कळत नाही, ३५ चे ५० झाले यावरून कळतं. तक्ता भरताना माणूस रोज प्रत्यक्षात काय करतो तेच लिहावं. ‘मनात आणलं तर करतील’ याला गुण नाहीत.

त्याच दिवशी वजन घ्या आणि कातडी तपासा: माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. आधीच जखम असेल तर तारखेसह फोटो काढून ठेवा, पुढचे वाद वाचतात.

कूस बदलणं

साध्या गादीवर दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर नको, कारण सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. पलंगाचं डोकं जेवणाची वेळ सोडून ३० अंशांच्या वर ठेवू नका. माणूस खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून जागीच राहते आणि आतलं मांस सरकतं. माकडहाडाच्या जखमा बऱ्याचदा अशाच सुरू होतात. वर सरकवायचं तर दोघांनी, अंगाखाली आडव्या घातलेल्या जुन्या सुती साडीने उचलून. बगलेत हात घालून ओढायचं नाही.

लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबून सोडल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर ती जखमेची पहिली पायरी, आणि डाग जाईपर्यंत त्या बाजूवर भार नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, म्हणून हाताने ऊब आणि कडकपणा तपासा. डागावर चोळू नका, खालची नाजूक झालेली कातडी आणखी फाटते. गोल रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो.

एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायची सुट्टी, हा समज काढून टाका. पंपावरचा काटा माणसाच्या वजनानुसार लावा. मग गादीखालून, बरोबर नितंबांच्या खाली, हात घालून पाहा. माणूस आणि हात यांच्यामध्ये इंचभर तरी हवा लागली पाहिजे. गादीवर एकच सैलसर चादर पुरे. रबरी शीट, त्यावर गोधडी, त्यावर टॉवेल असे थर चढवले की गादीचा उपयोग संपला. जून ते सप्टेंबरात वादळवाऱ्याने वीज जाते, पंप थांबतो आणि गादी बसते. पंप इन्व्हर्टरवर आहे का ते केंद्र बघायला गेल्यावरच विचारा. नसेल तर वीज गेल्यापासून दोन तासांचं घड्याळ पुन्हा सुरू.

पावसाळ्याचा दुसरा त्रास म्हणजे ओल. कपडे वाळत नाहीत आणि दमट गाऊन अंगावर चढतो. जांघेत, स्तनांखाली, लुळ्या हाताच्या घट्ट मिटलेल्या मुठीत नायटा धरतो. धुऊन, टिपून कोरडं करा. तिथे टाल्कम पावडर थापू नका, घामाने तिचे गोळे होऊन कातडी घासली जाते. गाऊन घालण्याआधी इस्त्री फिरवलेला बरा.

लुळा हात

खांद्याचा सांधा आता फक्त सैल स्नायूंवर लोंबकळतोय. हात धरून ओढलं की तो खांद्यातून उतरतो आणि पुढचे महिनोन्‌महिने दुखतो. बसवल्यावर हात कायम उशीवर किंवा टेबलावर टेकलेला हवा. कपडे घालताना लुळी बाजू आधी, काढताना शेवटी. छताला पुली टांगून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढायचा ‘व्यायाम’ अजून काही ठिकाणी दिसतो. तो बंद करा, खांदा बिघडतो. मूठ आधीच घट्ट वळत असेल तर दाबायला चेंडू देण्यापेक्षा तळवा उघडून टेबलावर सपाट टेकवणं चांगलं.

मालिशीबद्दल आपल्याकडे फार श्रद्धा आहे. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, माणसाला बरं वाटतं. पण तेलाने हात चालू होत नाही, आणि एका पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल तर तिला हातही लावू नका. आत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर. बधिर बाजूला गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही नको, भाजलेलं त्याला कळत नाही.

पलंगावरून खुर्चीत

यात पडापडी सर्वांत जास्त होते, म्हणून क्रम पाठच करा. खुर्ची चांगल्या बाजूला, पलंगाशी ३० ते ४५ अंशांत. दोन्ही ब्रेक लावलेले, पायपट्ट्या वर. माणसाला कडेला बसवा आणि दोन-तीन मिनिटं तसंच बसू द्या, कारण झोपून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. न टेकतील तर पलंग उंच आहे, साधारण ४५ सेंटिमीटर बरा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायला सांगा. मग पुढे वाका, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. तुमचा गुडघा त्याच्या लुळ्या गुडघ्यासमोर टेकवा. कमरेला रुंद पट्टा बांधून तोच धरा, साडीची निरी किंवा लुंगीची गाठ नव्हे. एक-दोन-तीन म्हणून उभं करा, चांगल्या पायावर वळवा, मांड्यांना खुर्ची लागल्यावर हळू बसवा.

न वाकता सरळ वर उचलायला गेलं की माणूस मागे कोसळतो आणि मावशींची कंबर धरते. हेच उठणं-बसणं जेवणाआधी पाच-पाच वेळा केलं तर दिवसाला पंधरा वेळा होतं, फिजिओची वाट न बघता.

काठी चांगल्या हातात. चपला घालून, हात सरळ सोडून, मनगटाच्या घडीपर्यंत उंची. आधी काठी, मग लुळा पाय, मग चांगला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा. काठीचं रबरी बूच झिजलं की बदला. ओल्या कोब्यावर आणि शेवाळलेल्या चिऱ्यावर झिजलेलं बूच साबणासारखं घसरतं.

घास आणि घोट

पाणी पिताना ठसका, प्यायल्यावर आवाज ओला-घरघरता, वारंवार ताप: यातलं काहीही दिसलं तर घास श्वासनलिकेत जातोय असं समजा आणि डॉक्टरांना सांगा. भरवताना पूर्ण ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, चहाचा चमचा, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठलंय का ते पाहा. जेवणानंतर अर्धा तास बसलेलंच ठेवा.

आपली पेज इथे फसवते. आजारी माणसाचं हलकं खाणं म्हणून ती देतात, पण वर पातळ पाणी आणि खाली भाताची शितं, असा दुहेरी घास गिळायला सर्वांत अवघड. पेज घोटून एकजीव करा. सोलकढी आणि चहा पातळ, म्हणून धोक्याचे. कुळथाची पिठी गुठळ्या न ठेवता दाट केली, नाचणीची आंबील चमच्यावर थांबेल इतकी घट्ट केली तर जमतं. मासा द्यायचा तर सुरमईचा मधला तुकडा, काटा काढून, हाताने कुस्करून मऊ भातात. बांगडा-तारली नकोत, काटे फार.

दात आणि जीभ दिवसातून दोनदा घासा, नळीने जेवण असलं तरी. घाण तोंडातली लाळ फुप्फुसात गेली की न्यूमोनिया होतो. नाकातल्या नळीतून देताना डोकं ३० ते ४५ अंश वर. एका वेळी साधारण २०० ते २५० मिली, वीसेक मिनिटांत, आणि नंतर ३० मिली पाणी. नळीवरची खूण सरकली असेल तर जागा तपासल्याशिवाय काहीही घालू नका.

लघवी, संडास

सरसकट डायपर म्हणजे केंद्राची सोय. दिवसा दर दोन-तीन तासांनी विचारा आणि नाश्त्यानंतर अर्ध्या तासात कमोड खुर्चीवर बसवा, पोट तेव्हाच हलतं. पायांखाली पाट दिला तर जोर लागतो. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. व्हीलचेअरवर नेताना ती मांडीवर ठेवतात, तेव्हा लघवी उलटी चढते. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा.

हाताला काम, बोलायला माणूस

फुलवाती वळणं, वालाचं बिरडं सोलणं, लसूण निवडणं, अबोलीचा गजरा ओवणं. बोटांसाठी केंद्रातल्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांपेक्षा हे चांगलं, कारण हातांना याची आठवण असते आणि शेवटी काहीतरी हाती लागतं. वाचा गेलेल्या मालवणी आजीला प्रमाण मराठीत लांब प्रश्न विचारू नका. ‘पाणी व्हया?’ एवढंच, आणि मान हलवायला दहा सेकंद द्या.

कागद

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. केंद्राचं मासिक शुल्क त्यात येत नाही. अपंगत्वासाठी यूडीआयडी कार्ड काढा. मुलं पैसे देत नसतील तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन १४५६७. केंद्राच्या करारात डायपर, औषधं, फिजिओ शुल्कात धरलेत की वेगळे, हे लिहून घ्या. रात्री दोन वाजता किती माणसांमागे किती कर्मचारी जागे असतात, हेही.

गणपतीला घरी

हे बहुतेकांचं पहिलं मागणं असतं आणि ते टाळू नये. दोन आठवडे आधीपासून गाडीत बसायचा सराव करा. पुढची सीट मागे सरकवून आधी बूड, मग पाय. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली तर अंग सहज वळतं, गाडी सुटण्याआधी ती काढा. औषधांचे दोन संच, एक पाकिटात, एक सामानात.

घराचं माप आधी मागवा. उताराची फळी एकास बारा हवी, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या उंबऱ्याला १८० सेंटिमीटर. चिऱ्याच्या तीन पायऱ्या असतील, एकूण ४५ सेंटिमीटर, तर जवळजवळ साडेपाच मीटर फळी लागेल, ती कोणाच्या खळ्यात मावायची? तिथे दोघांनी खुर्ची मागे कलती करून, पाठीकडून वर ओढावी. जुन्या माजघराच्या दारातून व्हीलचेअर बहुधा जात नाही. तिची रुंदी ६० ते ६५ सेंटिमीटर. अशा घरी बसायची सोय पडवीतच करा. गणपती तिथून दिसेल असा मांडायला घरच्यांना आधीच सांगा. न्हाणीच्या ओल्या लाद्यांवर चालवू नका, कमोड खुर्ची सोबत न्या.

उकडीचा मोदक देऊ नका. पारी टाळूला चिकटते, सारणातलं खोबरं घशात विखुरतं. खिरीसारखं दाट घाटलं द्या. आणि घरी असताना तोंड अचानक वाकडं झालं, बोलणं अडखळलं, नवी बाजू लुळी पडली तर शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ लिहून लगेच निघा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. सीटी स्कॅन असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधीच ठरवून ठेवा.

परतल्यावर त्याच रात्री पाठ, खुबे, टाचा पाहा. गाडीतल्या बैठकीचे डाग उजेडात आणि हात लावूनच सापडतात.