बाउत्सेनचा इतिहास पायी कसा वाचावा

बाउत्सेन हे जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातलं जुनं शहर. सुरुवात स्टेशनजवळच्या चौकातून नको, श्प्रे नदीवरच्या फ्रीडेन्सब्र्यूके पुलावरून करा. ग्रॅनाइटच्या कड्यावर वसलेलं शहर, कडेला 1558चा पाणीपुरवठ्याचा बुरूज आणि शेजारी सोर्ब (इथले अल्पसंख्य स्लाव्ह) लोकांचं मिखाएलिस चर्च, सगळं एकाच नजरेत येतं. नदी खाली, वस्ती वर. पाणी चढवण्याचा खटाटोप का करावा लागला, ते इथेच कळतं.

मग ऑर्टेनबुर्ग किल्ला. 1018 साली जर्मन सम्राट दुसरा हाइनरिश आणि पोलंडचा बोलेस्वाव यांचा तह इथेच झाला. दारावरच्या बुरुजावर हंगेरीच्या मात्याश राजाचं शिल्प आहे. मान वर करा, नाहीतर हमखास सुटतं. आवारातल्या सोर्ब संग्रहालयाला निवांत वेळ द्या. किल्ल्यापेक्षा तेच मोलाचं.

सेंट पीटर कॅथेड्रलमध्ये 1524पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकाच छपराखाली प्रार्थना करतात. मधला कठडा शोधा. प्रार्थना चालू असताना फिरू देत नाहीत, म्हणून वेळापत्रक आधी बघा.

जुने दस्तऐवज धुंडाळताना ‘बाउत्सेन’ टाकून काही हाती लागत नाही, कारण 1868पर्यंत अधिकृत नाव ‘बुदिसिन’ होतं. सोर्ब कागदपत्रांसाठी ‘बुदिशिन’ शोधा.