भाट्ये पुलावर थांबायचं तर तिथी बघून जा

रत्नागिरीहून पावसला जाताना भाट्याचा पूल आला की बाबा गाडी हळू करायचे. एका बाजूला काजळीची खाडी, दुसरीकडे उघडा समुद्र. गाडी मात्र ते पूल ओलांडून सुरूबनाजवळ लावायचे आणि आम्ही कडेकडेने चालत मागे यायचो. तुम्हीही तसंच करा. पुलावर गाडी उभी करू नका, मागून येणाऱ्या ट्रकला जागा उरत नाही.

खरी मेख वेळेत आहे. ओहोटीला गेलात तर चिखल आणि वाळूचे पट्टे दिसतील. पाणी काठोकाठ हवं तर भरती गाठायची. आमच्याकडचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून अष्टमीची संध्याकाळ मला सगळ्यात आवडते: सूर्य कलता आणि खाडी तुडुंब. अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेव्हा थोडं आधीच पोचा.

पुढे मालवणकडे जाणार असाल तर धामापूरच्या तलावाला हा हिशेब लागू नाही, ते गोडं पाणी. १५३० साली बांधलेला हा तलाव सकाळी, वारा सुटायच्या आत बघावा. भगवती मंदिराच्या पायऱ्यांवर बसलं की समोरची झाडी पाण्यात जशीच्या तशी उतरलेली दिसते.