हेल्मेटचा इंटरकॉम बंद पडलाय? डबी सगळ्यात शेवटी उघडा

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं मोबाईल-हेडफोन दुरुस्तीचं टेबल आहे. पावसाळ्यात पोरं रविवारी गगनबावड्याला जातात आणि सोमवारी हेल्मेट काखेत मारून दारात उभी राहतात. "मामा, एका कानात आवाज येईना झालाय." इंटरकॉम म्हणजे हेल्मेटच्या आतले ब्लूटूथ स्पीकर-माइक आणि बाहेर लावलेली त्यांची डबी. निम्म्या डब्यांच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे असतात, म्हणजे घरी उघडायचा खटाटोप झालेला असतो. माझ्याकडं येणाऱ्या सेटांत डबीतला बोर्ड क्वचितच गेलेला असतो. वायर, प्लग आणि चार्जिंगचं तोंड, बहुतेक दुखणी तिथंच. म्हणून बाहेरून तपासत आत यायचं.

एक कान बंद असेल तर आधी फोनच्या सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स मध्यावर आहे का बघा. हसू नका, एखादा तिथंच सुटतो. मग स्पीकरचा प्लग काढून परत घट्ट बसवा. तरीही गप्प असेल तर मल्टिमीटर ओहमवर (रोध मोजायच्या खुणेवर) ठेवून दोन्ही स्पीकर प्लगकडून मोजा. डाव्या-उजव्याचा आकडा जवळपास सारखा यायला पाहिजे. एका बाजूला मीटर काहीच दाखवत नसेल तर तिकडची तार तुटलीय किंवा स्पीकरच गेलाय. स्पीकरच्या मागच्या दोन टाक्यांवर, म्हणजे सोल्डरच्या जोडांवर, परत मोजा. तिथं आकडा आला तर स्पीकर शाबूत, दोष वायरीचा.

आता मीटर प्लगवर लावून ठेवा आणि वायर बोटांनी हळूहळू वाकवत पुढं सरका. आकडा जिथं उडी मारेल तिथं तूट. ती बहुधा प्लगच्या मानेशी सापडते, नाहीतर गालाच्या पॅडखाली, जिथं वायर दुमडून रोज दाबली जाते. टाका मारताना एक गोम आहे. आतल्या तारा केसासारख्या बारीक, आणि त्यांच्यावर इनॅमलचं पातळ कवच असतं. तसंच सोल्डर लावलं तर ते धरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. टोकाला फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारी पेस्ट) लावून वितळलेल्या सोल्डरच्या थेंबात दोन-तीन सेकंद धरा. कवच जळून तार चकाकली की टाका बसतो. हीट-श्रिंक नळी (तापवली की आकसून जोड झाकणारी) मात्र टाक्याच्या आधी ओवा. नंतर ती सगळ्यांनाच आठवते.

"आवाजच कमी आहे" ही तक्रार वेगळी. हेल्मेट डोक्यावर घालून थोडं वर-खाली, पुढं-मागं सरकवा. कुठंतरी आवाज एकदम वाढला तर स्पीकर कानाच्या भोकासमोर नाही, एवढाच अर्थ. वेल्क्रो काढून बोटभर सरकवा, मागं फोमची चकती द्या. जागा होत नाही म्हणून आतलं थर्माकोल कोरायचं नाही. पडल्यावर मार तेच झेलतं. चिकटवलेला गोंद काढायला पेट्रोल किंवा थिनरही नको, प्लॅस्टिकचं कवच त्यानं ठिसूळ होतं.

समोरच्याला नुसता वारा ऐकू येत असेल तर माइक उलटा बसलाय का बघा. दांडीच्या माइकवर तोंडाकडची बाजू दाखवणारी खूण असते. स्पंजची टोपी हरवली असेल तर नवी घाला. इंटरकॉम चालू असताना गाणी घोगरी वाजतात तो मात्र बिघाड नव्हे. बऱ्याच सेटांत माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मार्गावर जातं आणि स्टिरिओ जाऊन एकेरी आवाज उरतो.

चार्ज होत नाही? नवा फास्ट चार्जर आणि दोन्ही टोकांना सी-टाइप असलेली वायर बाजूला ठेवा. स्वस्त सेटांत चार्जरला ओळख देणारे रेझिस्टर नसतात, मग तो चार्जर वीजच सोडत नाही. जुन्या चौकोनी यूएसबीचा साधा चार्जर लावून बघा, पुष्कळदा लगेच दिवा लागतो. नाहीच लागला तर तोंडात हिरवट गंज शोधा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं घासा, पूर्ण वाळू द्या. भिजलेला सेट चार्जिंगला लावायचा नाही, तांदळात पुरूनही काही होत नाही. रबरी झाकण उघडं ठेवून पंख्याखाली ठेवा.

पेअरिंगची, म्हणजे फोन-सेट ब्लूटूथनं जोडण्याची, भांडणं असतील तर फोन आणि सेट दोन्हीकडची जुनी नावं पुसा, सेट रीसेट करा, मग एकेक करून जोडा.

एवढं करून डबी उघडायची वेळ आलीच तर ती बहुधा बॅटरीसाठी. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका, कंपनीकडं पाठवा. सेल फुगलेला असेल तर टोचू नका, दाबू नका. नवा घेताना अंगावरचा नंबर जुळवा: ५०२०३५ म्हणजे ५ मिमी जाड, २० रुंद, ३५ लांब. प्लग सारखा दिसला तरी लाल-काळी उलटी असू शकते, म्हणून जोडण्याआधी मीटरनं धन-ऋण तपासा. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. झाकण लावताना रबराची कड खाचेत नीट बसवा, नाहीतर पुढच्या रविवारी गगनबावड्याजवळच्या करूळ घाटातलं पाणी थेट बोर्डावर.